फळांच्या स्वादाची जेली: गोव्याच्या हवेत पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

मे महिन्याच्या दुपारी फोंड्यातल्या एखाद्या घराच्या अंगणात वाढदिवसाचे टेबल मांडले आणि फ्रिजमधून काढलेली जिलेटिनची लाल जेली त्यावर आणून ठेवली, तर केक कापून होईपर्यंत तिच्या कडा ओघळू लागतात आणि मुले बशा घेऊन येईपर्यंत साच्याचा आकार गेलेला असतो. त्याच टेबलावर चायना ग्रासची जेली ठेवली, तर ती संध्याकाळपर्यंत जशीच्या तशी उभी राहते. यात करणाऱ्याच्या हाताचा दोष नसतो. जेली जमवणारे हे दोन पदार्थ वेगवेगळ्या तापमानाला वितळतात, आणि आपल्या उन्हाळ्यातली दुपार नेमकी त्या दोन तापमानांच्या मध्ये येते. नवख्या माणसाला पाकिटावरची कृती वाचून जेली नक्की करता येते. परंतु आपली हवा, आपली फळे आणि आपले सणवार यांच्याशी तिचा मेळ घालायचा असेल, तर जेली कशाने जमते हे आधी समजून घ्यावे लागते. तेवढे समजले की पुढची प्रत्येक कृती स्वतःच्या अंदाजाने बदलता येते. म्हणून या लेखात आधी त्याच गोष्टीवर थोडा जास्त वेळ दिला आहे.

जेली जमते कशाने

ज्यांच्या घरी मटणाच्या पायांचे सूप होते, त्यांनी जिलेटिन पाहिलेले आहे. उरलेला पाया रात्री फ्रिजमध्ये ठेवला की सकाळी तो पातेल्यात थरथरतो, आणि गॅसवर ठेवताच पुन्हा पातळ होतो. जनावरांच्या कातडीत, हाडांत आणि स्नायुबंधांत कोलॅजन नावाचे प्रथिन असते, आणि ते पाण्यात बराच वेळ शिजले की त्याचे जिलेटिन होते. जिलेटिनचे लांब धागे गरम पाण्यात मोकळे फिरतात, गार झाल्यावर एकमेकांत गुंततात आणि त्यांच्या जाळ्यात पाणी अडकून बसते. हीच जेली. हे जाळे नाजूक असते आणि साधारण ३० ते ३५ अंश सेल्सिअसला सुटते. जिलेटिनची जेली जिभेवर ठेवताच विरघळते आणि फळाचा स्वाद एकदम मोकळा होतो, तोही याच कारणाने. तोंडातली ऊब तिला पुरते. जिलेटिनचा हा गुण दुसऱ्या कोणत्याही पदार्थात तितका उतरत नाही, आणि मे महिन्यातल्या अंगणात नेमका तोच त्याचा दोष ठरतो.

येथे एक खुलासा करायला हवा, कारण मराठीत हा शब्द आणखी दोन ठिकाणी येतो. भेटवस्तूंना गुंडाळतात तो रंगीत, पारदर्शक ‘जिलेटिन पेपर’ हा बहुधा सेलोफेन असतो आणि तो खाण्याचा नव्हे. तर सुरुंगाच्या ‘जिलेटिनच्या कांड्यां’ना ते नाव त्यांच्या जेलीसारख्या पोतामुळे मिळाले आहे. दुकानात विचारताना ‘खाण्याचे जिलेटिन’ असे स्पष्ट म्हणावे.

दुसरा पदार्थ म्हणजे चायना ग्रास, ज्याला अगर-अगर असेही म्हणतात. हे समुद्रातल्या तांबड्या शेवाळांपासून काढतात, त्यामुळे ते पूर्णपणे वनस्पतिजन्य असते. ते विरघळायला पाणी खळखळून उकळावे लागते, सुमारे ३५ ते ४० अंशांवर आल्यावर ते जमते, आणि एकदा जमले की जवळजवळ ८५ अंशांपर्यंत तापवल्याशिवाय पुन्हा वितळत नाही. म्हणजे फ्रिज नसतानाही चायना ग्रास जमते, आणि पावसाळ्यात वीज गेली तरी काही बिघडत नाही. उष्णतेत टिकण्याच्या या गुणाने विज्ञानाचेही मोठे काम केले आहे. १८८१ साली जर्मनीत रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या वाल्थर हेसे यांना जिलेटिनवर जंतू वाढवताना ते उष्णतेने पातळ होण्याचा त्रास होत होता. तेव्हा त्यांच्या पत्नी फॅनी हेसे यांनी आपल्या स्वयंपाकघरातले अगर वापरून पाहण्यास सुचवले. जेली आणि पुडिंग अगर घालून करण्याची रीत त्यांना जावामध्ये राहून आलेल्या एका डच कुटुंबाकडून समजली होती. आजही जगभरच्या प्रयोगशाळांत जंतू अगरवरच वाढवतात.

बाजारातल्या शाकाहारी जेलीच्या पाकिटांत बहुधा कॅराजीनान असते. तेही तांबड्या शेवाळांतूनच येते आणि त्याची जेली जिलेटिनपेक्षा अधिक उष्णता सोसते. चौथा पदार्थ पेक्टिन, आणि त्याची ओळख गोव्यात कोणाला करून द्यावी लागत नाही: नाताळात शेजारच्या घरून येणाऱ्या गोडाच्या थाळीतली पेराद ही पेरूतल्या पेक्टिनमुळेच वडीसारखी जमते. मात्र पेक्टिनला भरपूर साखर आणि आंबटपणा लागतो, म्हणून ते मुरंबा-जॅमच्या वाटेचे आहे आणि या लेखात त्याचा विचार केलेला नाही.

पाकीट घेताना काय पाहावे

फळांच्या स्वादाची पूड पाण्यात ढवळली की गोड पदार्थ तयार होतो, ही कल्पना अमेरिकेतली आहे. पीटर कूपर यांनी १८४५ साली जिलेटिनच्या पुडीचे पेटंट घेतले होते, पण तिला फळांचे स्वाद आणि साखर जोडून विकायला आणण्याचे काम न्यूयॉर्क राज्यातल्या ल-रॉय या गावच्या पर्ल वेट यांनी १८९७ साली केले. त्यांच्या पत्नी मे यांनी त्याला ‘जेल-ओ’ हे नाव दिले. धंदा चालेना म्हणून वेट यांनी दोनच वर्षांत तो ४५० डॉलरना विकून टाकला, आणि पुढे तो पदार्थ अमेरिकेतल्या घराघरांत पोहोचला.

म्हापशाच्या किंवा मडगावच्या बाजारात केकचे साहित्य विकणाऱ्या दुकानात तीन प्रकारची पाकिटे मिळतात: स्वाद, रंग आणि साखर आधीच घातलेली जेलीची पूड, साधे बिनचवीचे जिलेटिन, आणि चायना ग्रास, जे लांब पांढुरक्या पट्ट्यांच्या किंवा पुडीच्या रूपात असते. पहिल्या प्रकाराच्या पाकिटावरचे चिन्ह न पाहता ते घेऊ नये. हिरव्या चौकोनातले हिरवे वर्तुळ म्हणजे शाकाहारी. तपकिरी चौकोनातला तपकिरी त्रिकोण म्हणजे मांसाहारी. पूर्वी मांसाहारासाठीही वर्तुळच असे, त्यामुळे जुन्या सवयीने नुसता आकार पाहू नये, रंग पाहावा. घटकांच्या यादीत ४०६ हा आकडा असेल तर ते अगर, ४०७ असेल तर कॅराजीनान.

हा मुद्दा मी आग्रहाने मांडतो, कारण आपल्याकडे एकाच वाड्यावर अनेक रीती नांदतात. एरवी मासळी खाणारे घर सोमवारी, श्रावणात आणि चवथीच्या दिवसांत शाकाहार पाळते, आणि त्या दिवसांत जिलेटिनची जेली त्यांना चालत नाही. पण जेली हा फळाचा पदार्थ दिसत असल्यामुळे कोणी विचारतही नाही. मुसलमान शेजाऱ्यांना जिलेटिन कोणत्या जनावराचे आहे हे महत्त्वाचे असते, आणि पाकिटावर हलाल असल्याची खूण नसेल तर ते ती खात नाहीत. पाहुण्यांना माहीत नसलेली गोष्ट त्यांच्या पानात वाढणे योग्य नाही. शंका असेल तेथे चायना ग्रास वापरावे. ते कोणालाही निर्धास्तपणे वाढता येते.

पहिली जेली: पाकिटातल्या पुडीची

पहिला प्रयत्न पाकिटातल्या पुडीनेच करावा, कारण त्यात चुकायला जागा कमी असते. पाकिटावर जितके पाणी सांगितले असेल तितके मोजून घ्यावे. वाटीच्या अंदाजाने घेऊ नये, कारण प्रत्येक घरची वाटी वेगळी असते आणि शंभर मिलिलिटर पाणी जास्त झाले तरी जेली लगदा होते. कृती जिलेटिनच्या पुडीची असेल आणि जेली साच्यातून काढायची असेल, तर उन्हाळ्यात सांगितलेल्या पाण्यापैकी साधारण आठवा हिस्सा कमी घ्यावा.

त्यातले अर्धे पाणी खळखळून उकळावे, गॅस बंद करावा, पूड घालावी आणि निदान दोन मिनिटे सावकाश ढवळत राहावे. नवखा माणूस येथेच घाई करतो. वरून पाणी लाल झाले म्हणजे पूड विरघळली असे नाही. चमचा बुडवून वर काढावा आणि त्याच्या पाठीवर एकही कण चिकटलेला दिसत नाही तोपर्यंत ढवळावे. जे कण राहतील ते तळाशी बसून रबरासारखा थर तयार करतात आणि वरचा भाग सैल राहतो. मग उरलेले अर्धे पाणी थंड घालावे. शाकाहारी पुडीच्या बाबतीत मात्र कृती नीट वाचावी: पुष्कळ पाकिटांवर सगळेच पाणी उकळते घ्यायला आणि पूड घातल्यावर मिश्रण मिनिटभर उकळायला सांगितलेले असते, कारण कॅराजीनानला पूर्ण विरघळण्यासाठी उष्णता लागते. अशा पुडीत गार पाणी ओतले तर ती अर्धवट जमून तिच्या गुठळ्या होतात.

मिश्रण साच्यात ओतताना फेस आला तर तो चमच्याने काढून टाकावा, नाहीतर वरचा भाग गढूळ दिसतो. कोमट होईपर्यंत बाहेर ठेवावे आणि मग झाकून फ्रिजमध्ये ठेवावे. मासे असलेल्या फ्रिजमध्ये उघडी जेली ठेवू नये. ती दुसरा वास चटकन पकडते. जिलेटिनच्या जेलीला चार तास द्यावेत, साच्यातून काढायची असेल तर रात्रभर. घाईने फ्रीझरमध्ये ठेवण्याचा मोह टाळावा. पाण्याचे बर्फ होताना जाळे फाटते आणि वितळल्यावर जेलीला पाणी सुटते.

फळांचे तुकडे घालायचे असतील तर मिश्रण पातळ असताना घालू नयेत, कारण हलके तुकडे वर तरंगतात आणि पाकातले जड तुकडे तळाशी जातात. फ्रिजमध्ये तास-दीड तासाने मिश्रण पातळ मधासारखे दाटसर होते. त्या वेळी तुकडे घालून अलगद फिरवले की ते जेथल्या तेथे राहतात. शाकाहारी पूड आणि चायना ग्रास फार लवकर जमतात, म्हणून तेथे तासाचा हिशेब चालत नाही. मिश्रण बाहेरच ठेवून, पातेल्याच्या कडेला जमू लागताच तुकडे घालावेत.

ताज्या रसाची जेली

पाकिटातल्या पुडीत बहुतांश साखर, रंग आणि आम्ल असते. ती वाईट नव्हे, पण एकदा हात बसला की ताज्या फळाच्या रसाकडे वळावे, असे मला मनापासून वाटते. दोन्ही जेली शेजारी ठेवून चाखल्या की फरक कोणालाही सांगावा लागत नाही.

मोसंबीची जेली ही सुरुवातीला उत्तम. ४०० मिलिलिटर ताजा गाळलेला रस, १०० मिलिलिटर पाणी, ७० ग्रॅम साखर आणि १२ ग्रॅम साधे जिलेटिन घ्यावे. थंडीच्या दिवसांत १० ग्रॅम पुरते. ६० मिलिलिटर गार पाणी पसरट वाटीत घेऊन त्यावर जिलेटिन भुरभुरावे. पुडीवर पाणी ओतू नये, कारण वरची पूड भिजून आतली कोरडी राहते आणि त्या गुठळ्या नंतर फुटत नाहीत. दहा मिनिटांत पूड पाणी पिऊन स्पंजासारखी फुगते. उरलेले पाणी, साखर आणि १०० मिलिलिटर रस एकत्र करून बोट सहज बुडवता येणार नाही इतपत गरम करावे, पण उकळू नये, कारण फार उकळलेल्या जिलेटिनची जमण्याची ताकद घटते. त्यात फुगलेले जिलेटिन घालून पूर्ण विरघळवावे आणि शेवटी उरलेला ३०० मिलिलिटर रस कच्चाच घालावा. या कच्च्या रसातच मोसंबीचा खरा सुवास असतो. चव पाहताना मिश्रण किंचित जास्त गोड वाटेल असे ठेवावे, कारण थंड पदार्थात गोडी कमी जाणवते.

पाकिटावर कधी कधी ‘ब्लूम’ या शब्दापुढे १५० किंवा २२५ असा आकडा असतो. तो जिलेटिनची ताकद सांगतो. आकडा मोठा तेवढे कमी जिलेटिन लागते. एकाच प्रकारचे जिलेटिन वापरत राहिले की प्रमाण हाताला कळते.

चायना ग्रास: कोकम आणि मानकुराद

गोव्यातल्या स्वयंपाकघरात मला चायना ग्रासची बाजू अधिक जवळची वाटते, आणि त्याची पहिली जेली कोकमाची करावी. दहा-बारा आमसुले २०० मिलिलिटर कोमट पाण्यात अर्धा तास भिजवून, कुस्करून, गाळून घ्यावीत; मोसमात पिकलेली भिरंडे, म्हणजे कोकमाची ताजी फळे, मिळाली तर त्यांच्या सालींचा रस आणखी सुंदर होतो. भांडे स्टीलचे किंवा काचेचे असावे, कारण ॲल्युमिनियमच्या भांड्यात आंबट रस ठेवू नये. दुसऱ्या पातेल्यात ३०० मिलिलिटर पाणी, १२० ग्रॅम साखर आणि ५ ग्रॅम चायना ग्रासची पूड गार असतानाच एकत्र ढवळून गॅसवर ठेवावी. पट्ट्या असतील तर ७ ग्रॅम घ्याव्यात, कात्रीने बारीक कापाव्यात आणि अर्धा तास भिजवून मग उकळाव्यात. मंद आचेवर ढवळत पाच ते आठ मिनिटे उकळावे. पाणी स्वच्छ दिसले पाहिजे आणि कालथ्यावर एकही धागा दिसता कामा नये.

गॅस बंद केल्यावर दोन मिनिटांनी कोकमाचा कोमट रस त्यात घालावा. रस आणि चायना ग्रास एकत्र उकळू नयेत, कारण उकळत्या आम्लात अगरचे धागे तुटतात आणि जेली ढिली पडते. लिंबाच्या बाबतीतही हेच पाळावे. रस फ्रिजमधला गार असता कामा नये. गार रसाचा स्पर्श होताच अगर तेथल्या तेथे जमते आणि मिश्रणात फाटलेल्या दह्यासारखे कण दिसू लागतात. तसे झालेच तर फेकून देऊ नये. पुन्हा मंद आचेवर ठेवून कण विरघळवावेत आणि लगेच साच्यात ओतावे; जेली थोडी मऊ होईल इतकेच. जिलेटिनला वितळून पुन्हा जमणे सोपे असते, अगरलाही ते जमते. फक्त उष्णता जास्त लागते.

प्रमाण बरोबर आहे का हे ओतण्यापूर्वीच कळते. आपण जशी पाकाची तार पाहतो, तसा येथे थंड बशीवर एक चमचा मिश्रण टाकावे आणि दोन मिनिटांनी बोटाने ढकलावे. ते सरकून सुरकुतले आणि अखंड उचलता आले तर जेली नीट जमेल. पातळच राहिले तर थोड्या पाण्यात आणखी एक ग्रॅम पूड उकळून मिसळावी, आणि फारच कडक झाले तर गरम पाणी वाढवावे. जिलेटिनच्या बाबतीत इतक्या झटपट परीक्षा घेता येत नाही, आणि म्हणूनही नवशिक्याला चायना ग्रास सोयीचे.

मानकुराद आंब्याची जेलीही याच रीतीने होते: ३०० ग्रॅम चाळणीतून काढलेला गर, २५० मिलिलिटर पाणी, ५ ग्रॅम पूड, आणि आंब्याच्या गोडीप्रमाणे ५० ते ८० ग्रॅम साखर. गर आधी गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवून कोमट करावा. मानकुरादचा सुवास उकळल्याने उतरतो, म्हणून तो गॅस बंद झाल्यावरच मिसळावा. अगरची जेली जिभेवर वितळत नाही, ती दातांखाली तुटते, त्यामुळे आंब्यासारख्या मऊ फळाला ती थोडी राकट वाटू शकते. पूड ४ ग्रॅमवर आणली, साच्याचा हट्ट सोडला आणि जेली पेल्यातच जमवली, तर तिचा पोत खूप सुधारतो.

कोणते फळ जिलेटिनला चालत नाही

ताजे अननस घातलेली जिलेटिनची जेली रात्रभर ठेवली तरी पाणीच राहते. असा अनुभव आला की लोक पाकीट जुने होते असे समजतात, आणि पुढच्या वेळी पूड वाढवूनही तीच गत होते. खरे कारण आपल्या स्वयंपाकघरातच आहे. मटण लवकर शिजावे म्हणून त्याला कच्ची पपई लावतात. पपईतले पपेन नावाचे विकर, म्हणजे एन्झाइम, मांसातले प्रथिन तोडते. जिलेटिन हेही प्रथिनच, त्यामुळे ताज्या पपईने त्याचेही धागे तुटतात. अननसात ब्रोमेलेन, किवीत ॲक्टिनिडिन, अंजिरात फिसिन, आणि आल्यातही अशाच जातीचे विकर असते. ही फळे उकळली की विकर निकामी होते. म्हणून डब्यातले अननस जिलेटिनमध्ये चालते, कारण डबाबंद करताना ते तापवलेले असते. ताजे अननस घालायचे असेल तर त्याचे तुकडे थोड्या साखरपाण्यात पाच मिनिटे उकळून, गार करून वापरावेत. पपईचे विकर जास्त चिवट असते, तिला आणखी वेळ द्यावा. चायना ग्रास हे प्रथिन नसल्यामुळे या विकरांचा त्याच्यावर काहीच परिणाम होत नाही. परसातली पिकलेली पपई ताजी, न शिजवता जेलीत हवी असेल, तर चायना ग्रास हाच मार्ग.

काजूच्या मोसमात बोंडूंच्या रसाची जेली करून पाहण्याची इच्छा गोव्यात होणे स्वाभाविक आहे, आणि तेथे वेगळीच अडचण उभी राहते. बोंडूच्या रसातला तुरटपणा टॅनिनमुळे असतो, आणि टॅनिन प्रथिनाला धरून ठेवते. त्यामुळे ताज्या रसात जिलेटिन घातले की दोन्ही मिळून गढूळ साका तळाशी बसतो. रसप्रक्रियेत बोंडूच्या रसाची तुरटी काढण्यासाठी जिलेटिनचा हाच गुण मुद्दाम वापरतात, आणि त्याच कामासाठी साबुदाण्याचा किंवा भाताच्या पेजेचाही उपयोग होतो. तेव्हा घरी दोन पायऱ्यांत काम करावे: आधी रसात थोडी गार पेज मिसळून तो स्थिर ठेवावा, वरचा निवळ रस अलगद दुसऱ्या भांड्यात काढून फडक्यातून गाळावा, आणि मग त्याची चायना ग्रासने जेली करावी. थोडे किसलेले आले घातले तर बोंडूचा उग्र वास निवतो. रस काढल्याबरोबर वापरावा; उष्ण हवेत तो काही तासांतच आंबू लागतो.

संत्रे, मोसंबी, द्राक्षे, डाळिंब, जांभूळ, करवंदे, सफरचंद आणि डब्यातले पीच कोणत्याही जेलीत निर्धास्त चालतात. केळे चालते, पण काळे पडते, म्हणून त्याला लिंबाचा रस लावावा. कलिंगडाच्या तुकड्यांना पाणी सुटून त्यांच्याभोवतीची जेली सैल होते; त्याचा रस काढून जेली करणे बरे.

थर, आणि जेलीचे इतर उपयोग

दोन रंगांचे थर नीट बसवायचे असतील, तर जिलेटिन आणि अगर यांच्या रीती एकमेकांच्या उलट आहेत हे लक्षात ठेवावे. जिलेटिनचा पहिला थर पुरता जमू द्यावा आणि दुसरे मिश्रण गार करून मगच ओतावे, कारण गरम मिश्रणाने खालचा थर वितळून रंग मिसळतात. अगरचा पहिला थर मात्र पूर्ण कडक होण्याआधी, म्हणजे बोट लावल्यावर किंचित चिकटतो तेव्हाच, दुसरे गरम मिश्रण चमच्याच्या पाठीवरून हळू ओतावे. नाहीतर दोन्ही थर चिकटत नाहीत आणि वाढताना एकमेकांवरून घसरतात. उशीर झालाच तर खालच्या थरावर काट्याने हलके ओरखडे काढावेत.

कोकमाच्या लाल थरावर नारळाच्या दुधाचा पांढरा थर फार शोभतो, आणि सोलकढीची सवय असलेल्या जिभेला ही जोडी अनोळखी वाटत नाही. २०० मिलिलिटर पाण्यात ४ ग्रॅम चायना ग्रास आणि ६० ग्रॅम साखर उकळून, गॅस बंद करून त्यात २०० मिलिलिटर दाट आपरस, म्हणजे नारळाचे पहिले दूध, कोमट करून घालावे आणि चिमूटभर मीठ टाकावे. साखरेऐवजी माडाचा गूळ घातला तर रंग तपकिरी होतो आणि चव दोदोल या गोव्यातल्या गोड पदार्थाच्या अंगाने जाते. नारळाचे दूध खळखळून उकळले तर त्याला तेल सुटते, म्हणून ते शेवटीच घालावे.

स्वतंत्र गोड म्हणून वाढण्यापलीकडे जेलीचे सर्वांत रुळलेले रूप म्हणजे फ्रूट कस्टर्डमधले तिचे चौकोनी तुकडे. ते कस्टर्ड पूर्ण गार झाल्यावर, वाढण्याच्या वेळी घालावेत. फालुद्यात आणि उडुपी-मंगळूरकडून आलेल्या गडबड आइस्क्रीममध्येही तळाशी जेली असते. केकचे तुकडे, जेली, कस्टर्ड आणि फळे यांचे थर लावून ट्रायफल होते. दाट जमू लागलेल्या जिलेटिनच्या जेलीत फेटलेली क्रीम अलगद मिसळली की मूस तयार होते, आणि चक्का किंवा क्रीम चीज घातले की न भाजता करायचा चीजकेक. जेलीची पूड दुधात घालायची असेल तर गरम दुधात थेट टाकू नये, कारण पुडीतल्या आम्लाने दूध फाटते. पूड आधी कमी पाण्यात विरघळवून कोमट करावी आणि त्यात गार दूध किंवा कंडेन्स्ड मिल्क मिसळावे. सुक्या खोबऱ्याचा कीस, कंडेन्स्ड मिल्क आणि स्ट्रॉबेरी जेलीची पूड एकत्र मळून केलेल्या छोट्या वड्यांत पूड फक्त रंग आणि स्वादासाठी असते. तेथे काही जमवायचे नसल्यामुळे मुलांनाही हे काम सहज देता येते.

साच्यातून काढणे आणि वाढणे

जिलेटिनची जेली साच्यातून काढताना मोठ्या भांड्यात कोमट पाणी घेऊन साचा त्यात कडेपर्यंत पाच ते दहा सेकंदच धरावा. वरची कडा ओल्या बोटाने आतल्या बाजूस हलकी ढकलून हवा शिरू द्यावी, वर ताटली उपडी ठेवावी आणि दोन्ही एकदम उलटावे. ताटली आधी पाण्याने ओली केलेली असावी, म्हणजे जेली मध्यभागी पडली नाही तरी सरकवून बसवता येते. सुटत नसेल तर साचा आपटू नये, पुन्हा पाच सेकंद पाण्यात धरावा. अगरच्या जेलीला पाण्याची गरज नसते, कडेने बोट फिरवले की ती सुटते.

झाकून ठेवलेली साधी जेली फ्रिजमध्ये तीन-चार दिवस राहते. ताजी फळे, दूध किंवा नारळाचे दूध असेल तर दोन दिवसांत संपवावी, आणि अशी जेली बाहेर दोन तासांहून अधिक ठेवू नये, मग ती चायना ग्रासची असून आकाराने कितीही चांगली दिसत असली तरी. चायना ग्रासच्या जेलीला दुसऱ्या दिवशी थोडे पाणी सुटते, ते ओतून टाकावे. अगदी लहान मुलांना अगरची किंवा कपातली कडक जेली अख्खी देऊ नये, कारण ती तोंडात विरघळत नाही आणि घशात अडकू शकते. चमच्याने बारीक करून, मूल बसलेले असताना, समोर थांबून भरवावी.